‘हे सगळे खरे आहे का?’ : एका झुलू माणसाचा प्रश्न आणि बिशप कोलेन्सो

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आमच्यातला एक कार्यकर्ता सिद्धार्थाच्या जन्माची गोष्ट सांगत होता. जन्मताच बाळ सात पावले चालले आणि प्रत्येक पावलाखाली कमळ उमलले, हे ऐकून सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘दादा, हे खरंच झालं होतं का? आमचा छोटू तर वर्षाचा झाल्यावर चालायला लागला.’ मुले हसली. कार्यकर्ता गडबडला. ‘असं विचारायचं नसतं,’ म्हणाला आणि गोष्ट पुढे नेली.

वर्ग सुटल्यावर आम्ही चौघेपाच जण ओट्यावर बसलो होतो. ते वाक्य सगळ्यांनाच टोचत होते, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. ‘असं विचारायचं नसतं’ हे आपल्या आजा-पणजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. पोथीत लिहिले आहे, शास्त्रात सांगितले आहे, तू कोण विचारणारा? आता तेच वाक्य आपल्या विहारात, आपल्याच तोंडून, आपल्याच लेकरासाठी निघाले.

त्या मुलीला काय उत्तर द्यायचे, याचा विचार करताना आम्हाला दक्षिण आफ्रिकेतली एक घटना आठवली. एका माणसाने असाच साधा प्रश्न विचारला होता. फरक इतकाच, की ज्याला विचारला त्याने ‘असं विचारायचं नसतं’ म्हटले नाही. तो माणूस चर्चचा बिशप होता आणि त्या प्रश्नाने त्याचे सगळे आयुष्य बदलले.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचे ख्रिस्ती बांधव आमचेच आहेत. अहमदनगर आणि मराठवाड्याच्या गावांत महार-मांगांची कितीतरी घरे ख्रिस्ती झाली ती माणुसकीच्या शोधात. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते मिशनरी बाईंच्या हाताखाली. चर्चवर दगड मारणाऱ्यांच्या हाती आणखी एक दगड द्यावा म्हणून हा लेख लिहिलेला नाही. ज्यांना बायबलची चिकित्सा ऐकून गुदगुल्या होतात आणि मनुस्मृतीची चिकित्सा ऐकून राग येतो, त्यांना यातून काही मिळणार नाही. प्रश्न ग्रंथप्रामाण्याचा आहे, ग्रंथ कोणाचाही असो.

धर्मनिष्ठ घरातला गणितज्ञ

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म १८१४ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. घर धर्मनिष्ठ होते. वडिलांचा कथलाच्या खाणींशी संबंध होता. समुद्राचे पाणी खाणीत शिरले, पैसा बुडाला आणि घरची परिस्थिती खालावली. मुलाने शाळेत मदतनीस शिक्षकाची नोकरी करत केंब्रिज गाठले. १८३६ साली गणिताच्या मानाच्या परीक्षेत तो विद्यापीठात दुसरा आला. पुढे त्याने अंकगणित आणि बीजगणिताची जी क्रमिक पुस्तके लिहिली, ती इंग्लंडच्या शाळांत अनेक वर्षे चालली. डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी त्यातल्या एका पुस्तकाचे हक्क त्याला विकावे लागले होते.

म्हणजे हिशेबाचा पक्का आणि धर्माचाही पक्का, असा हा माणूस. बायबलविषयी त्यांना इंग्लंडमध्ये असतानाही शंका आल्या होत्या. पण गावच्या चर्चमधल्या रोजच्या कामात त्या बाजूला सारता येत होत्या. प्रवचन करायचे, आजाऱ्याला भेटायचे, मुलांना शिकवायचे. शंका उकरून काढणारे कोणी समोर नव्हते. आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या माणसांचे असेच असते. शंका असतात, पण त्या विचारणारे कोणी भेटत नाही, म्हणून आयुष्यभर त्या झाकलेल्या राहतात.

१८५३ साली कोलेन्सो यांना नाताळ या ब्रिटिश वसाहतीचे बिशप नेमण्यात आले. पीटरमारिट्झबर्गजवळ त्यांनी मिशनचे ठाणे उभारले. त्याचे झुलू नाव एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाची जागा. तिथे शाळा होती, छापखाना होता. त्यांनी झुलू भाषा शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, १८६१ साली झुलू-इंग्रजी शब्दकोश काढला. आणि बायबलचे झुलू भाषेत भाषांतर हाती घेतले.

भाषांतराच्या टेबलावर

भाषांतर एकट्याने होत नसते. शब्दाशब्दाला ज्याची मातृभाषा तो माणूस शेजारी लागतो. कोलेन्सो यांच्या शेजारी बसणाऱ्या झुलू सहकाऱ्यांत विल्यम न्गीदी नावाचा ख्रिस्ती झालेला माणूस होता.

काम उत्पत्तीच्या पुस्तकातल्या जलप्रलयापर्यंत आले. नोहाने तारू बांधले, पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांच्या जोड्या त्यात घेतल्या, बाकी सगळे बुडाले. ऐकता ऐकता न्गीदीने मान वर केली आणि विचारले, की हे सगळे खरे आहे का? उष्ण देशातले आणि थंड देशातले, लहान-मोठे सगळे प्राणी, पक्षी, सरपटणारे जीव जोडीजोडीने तारवात आले, असे तुम्ही स्वतः मानता का? आणि नोहाने त्या सगळ्यांचे खाणे गोळा केले? शिकारी जनावरांचेसुद्धा?

जनावरे पाळणाऱ्या समाजातल्या माणसाचा हा प्रश्न आहे. गुराला दिवसाला किती वैरण लागते, हे ज्याला माहीत असते तोच असे विचारतो. केंब्रिजच्या पंडिताला तारवाचा अर्थ माहीत असतो. वैरणीचा प्रश्न त्याला पडत नाही.

कोलेन्सो यांनी भूगर्भशास्त्र वाचलेले होते. सगळी पृथ्वी एकाच वेळी पाण्याखाली गेली असती तर फ्रान्समधल्या जुन्या ज्वालामुखींवरचे भुसभुशीत राखेचे थर जागेवर राहिले नसते, हे त्यांना माहीत होते. तेव्हा समोर दोन रस्ते होते. होय, खरे आहे, असे सांगून मोकळे व्हायचे, किंवा खरे बोलायचे. देवाच्या नावाने मी खोटे बोलू का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि ते खोटे बोलू शकले नाहीत. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

दुसरा प्रसंग याहून जड आहे. निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात गुलामांविषयीचे नियम येतात. मालकाने गुलामाला काठीने मारले आणि तो जागीच मेला तर मालकाला शिक्षा. पण तो एकदोन दिवस जगून मग मेला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचे धन आहे. हे शब्द झुलू भाषेत आणताना शेजारी बसलेला माणूस हादरला. ज्या दयाळू पित्यावर श्रद्धा ठेवायला तुम्ही मला शिकवता, तोच माणसाला धन म्हणतो? तोच असा खून माफ करतो? त्या माणसाच्या चेहऱ्यावरची उद्विग्नता आपण कधीच विसरणार नाही, असे कोलेन्सो यांनी नोंदवले आहे.

मित्रांनो, इथे थोडे थांबूया. हा अध्याय युरोपात शेकडो वर्षे वाचला जात होता. विद्वानांनी त्यावर भाष्ये लिहिली होती. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी तो आपल्या सोयीने वापरला होता. त्यातला अन्याय बिशपला जाणवला तो केव्हा? जो माणूस त्या वाक्यातला ‘धन’ ठरू शकत होता, तो शेजारी बसून ऐकत होता तेव्हा. ग्रंथ तोच असतो. मालकाच्या जागेवरून वाचला तर त्यात व्यवस्था दिसते, गुलामाच्या जागेवरून वाचला तर काठी दिसते. मनुस्मृती शतकानुशतके पाठशाळांत शिकवली गेली, त्या पंडितांना ती कधी टोचली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली, कारण ज्यांच्या कानात शिसे ओतायला सांगितले होते त्यांच्या लेकरांनी ती वाचली.

त्रैराशिक चुकते तिथे

मग कोलेन्सो यांनी बायबलची पहिली पाच पुस्तके आणि यहोशवाचे पुस्तक गणितज्ञाच्या नजरेने तपासायला घेतले. १८६२ साली या चिकित्सेचा पहिला भाग लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढचे भाग १८७९पर्यंत येत राहिले, एकूण सात.

त्यांची पद्धत कोणाही शाळकरी मुलाला कळेल अशी होती. मिसरमधून बाहेर पडलेल्या इस्राएल लोकांत लढण्याजोगे पुरुषच ६ लाखांहून अधिक होते, असे बायबल सांगते. मग बायका, मुले, म्हातारे धरून एकूण लोक निदान २० लाख झाले. इतके लोक, त्यांची गुरेढोरे, सगळी एका रात्रीत निघाली? वाळवंटात त्या गुरांनी खाल्ले काय? सगळ्या मंडळीला दर्शनमंडपाच्या दाराशी जमवले, असे लेवीय या पुस्तकात आहे. पण ते अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद. त्यात २० लाख माणसे कशी मावणार? गणना या पुस्तकात प्रथम जन्मलेल्या मुलग्यांची संख्या २२,२७३ दिली आहे. एकूण पुरुषांच्या संख्येला या आकड्याने भागले तर एकेका आईला सरासरी ४०हून अधिक मुलगे झाले असले पाहिजेत!

निष्कर्ष सरळ होता. ही पुस्तके मोशेच्या हातची नाहीत, ती वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी लिहिली. त्यांतले वर्णन जसेच्या तसे घडलेला इतिहास नाही. देवावरची आपली श्रद्धा गेलेली नाही, पण पुस्तकातला शब्द न्‌ शब्द देवाचा आहे यावर आता विश्वास ठेवता येत नाही, हे कोलेन्सो यांनी बिशपच्या खुर्चीत बसून जाहीरपणे सांगितले.

‘सामान्यांना कशाला सांगता?’

वादळ उठले. एका झुलूला ख्रिस्ती करायला गेलेला बिशप झुलूकडूनच बाटून आला, अशा टिंगलीच्या कविता लंडनमध्ये निघाल्या. इंग्लंडमधल्या बहुसंख्य बिशपांनी त्यांच्याकडे राजीनामा मागितला.

त्यातली एक टीका आपण नीट समजून घेतली पाहिजे. मॅथ्यू आर्नल्ड हा त्या काळचा मोठा कवी आणि समीक्षक, उदारमतवादी म्हणून नावाजलेला. १८६३च्या जानेवारीत त्याने कोलेन्सो यांच्यावर लेख लिहिला. कोलेन्सो चुकले, असे त्याचे म्हणणे नव्हते. त्याचे म्हणणे असे, की या पुस्तकातून जाणत्या मोजक्यांना नवे काही कळत नाही आणि सामान्य बहुसंख्यांची उन्नतीही होत नाही. मग लिहिलेच कशाला?

हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे? १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला तेव्हा. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला. विरोध करणाऱ्यांत मोठमोठे शिकलेले लोक होते. ‘हे अभ्यासकांपुरते ठीक आहे, लोकांच्या भावना कशाला दुखावता?’ असे सुरात सूर मिसळून सांगितले गेले. १९८८च्या सुरुवातीला आपल्या समाजाने मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. तो मोर्चा एका पुस्तकासाठी होता तितकाच, प्रश्न विचारायचा हक्क मोजक्यांचा नाही, सगळ्यांचा आहे, हे सांगण्यासाठी होता. शहाण्यांनी आपापसात हसायचे आणि अडाण्यांना पाया पडायला लावायचे, हीच तर ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी रीत. कोलेन्सो यांचा खरा ‘अपराध’ शंका घेणे हा नव्हता. ती शंका सामान्य माणसालाही कळेल अशा भाषेत त्यांनी सांगितली, हा होता.

बहिष्कृत बिशप

१८६३च्या डिसेंबरमध्ये केप टाउनचे वरिष्ठ बिशप रॉबर्ट ग्रे यांनी कोलेन्सो यांना पदच्युत केले. कोलेन्सो यांनी ते न्यायासन मानले नाही. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पदच्युतीचा आदेश कायद्याने रद्दबातल ठरवला. मग १८६६ साली ग्रे यांनी त्यांना धर्मबहिष्कृत केले. पगारासाठीही त्यांना कोर्टात जावे लागले. पुढे त्याच शहरात त्यांच्या विरोधात दुसरा बिशप आणून बसवला गेला. १८६७ साली जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद भरली, तिच्यामागे हा वाद एक मोठे कारण होता. तिचे निमंत्रण कोलेन्सो यांना नव्हते.

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ ठेवले होते.

ग्रंथावरचा विश्वास गेला की माणूस नीतिभ्रष्ट होतो, अशी भीती सगळेच धर्ममार्तंड घालतात. कोलेन्सो यांचे पुढचे आयुष्य त्याला उत्तर आहे.

१८७३ साल. आपल्याकडे त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि सत्यशोधक समाज स्थापन केला. तिकडे नाताळमध्ये ह्लुबी जमातीच्या तरुणांनी हिऱ्यांच्या खाणीत राबून बंदुका मिळवल्या होत्या. त्यांची नोंदणी करा, असा हुकूम निघाला. जमातीचा प्रमुख लांगालिबालेले हुकमाला धजेना आणि डोंगरापलीकडे निघून गेला. चकमकीत सरकारी बाजूचे पाच जण मेले. त्यानंतर गोऱ्यांनी सगळ्या जमातीवर सूड घेतला. माणसे मारली, गुरे आणि जमीन घेतली. लांगालिबालेलेवर वकील न देता खटला चालवला आणि त्याला रॉबेन बेटावर पाठवले. त्याच बेटावर पुढच्या शतकात नेल्सन मंडेला होते.

गोऱ्या समाजातून कोलेन्सो जवळजवळ एकटे उभे राहिले. साक्षी तपासल्या, विसंगती दाखवल्या. बायबलवर चालवलेली तीच कसोटी त्यांनी सरकारी कागदांवर चालवली. १८७४ साली ते लंडनला गेले आणि वसाहत खात्यापुढे बाजू मांडली. परिणामी नाताळच्या गव्हर्नराला परत बोलावले गेले आणि लांगालिबालेलेला बेटावरून मुख्य भूमीवर आणले गेले. पण बायबलच्या वादात ज्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना साथ दिली होती, त्यांनी आता पाठ फिरवली. ग्रंथाची चिकित्सा त्यांना एकवेळ चालत होती, काळ्या माणसाला न्याय चालत नव्हता. हा अनुभवही आपल्याला नवा नाही. देव न मानणारे पुरोगामी खूप भेटतात, जात सोडणारे थोडे.

१८७९ साली ब्रिटिशांनी झुलू राज्यावर चढाई केली. २२ जानेवारीला इसांडल्वाना इथे झुलू सैन्याने त्यांचा पराभव केला, ब्रिटिशांच्या बाजूची १३००हून अधिक माणसे पडली. वसाहतीत सूडाची भाषा पेटली होती. १२ मार्चला प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. पीटरमारिट्झबर्गच्या कॅथेड्रलमध्ये कोलेन्सो यांनी प्रवचनासाठी मीखा संदेष्ट्याचे वचन निवडले, देव माणसाकडून न्याय, दया आणि नम्रता मागतो या आशयाचे. मग समोरच्या गोऱ्यांना त्यांनी विचारले, की झुलूंशी वागताना आपला न्याय आणि आपली दया कुठे होती?

म्हणजे बायबल त्यांनी फेकून दिले नाही. त्यातले काय घ्यायचे आणि काय नाकारायचे हे आता ते स्वतःच्या विवेकाने ठरवत होते. २० जून १८८३ रोजी ते वारले. झुलू लोक त्यांना सोबांतू म्हणत, लोकांचा बाप. त्यांची मुलगी हॅरिएट हिने पुढे अनेक वर्षे झुलू राजघराण्यासाठी न्यायाची लढाई चालू ठेवली.

जे नाव छापले नाही

आता आमचा आक्षेपही मांडतो. ज्या पुस्तकात तो प्रसिद्ध प्रश्न छापला, त्या प्रस्तावनेत न्गीदीचे नाव नाही. तिथे तो एक साधाभोळा, लेकरासारखा ऐकणारा पण प्रौढासारखी बुद्धी असलेला देशी माणूस आहे. ज्याच्या प्रश्नाने चर्च हलले, तो बिननावाचा. इतिहासकारांना पुढे ते नाव शोधून सांगावे लागले. कोलेन्सो वसाहतीच्या चौकटीतले होते, इंग्रजी राज्य झुलूंचे भलेच करील असे सुरुवातीला मानणारे. अन्याय पाहत पाहत ते बदलत गेले. आपण त्यांचा आदर करू, पण त्यांना उद्धारक म्हणणार नाही. प्रश्न न्गीदीचा होता. बिशपचे मोठेपण एवढेच, की त्याने तो प्रश्न दाबला नाही. आणि आजच्या काळात तेही लहान नाही.

आपल्या घरातले पुस्तक

बाबासाहेब धार्मिक घरातच वाढले. रामजी सुभेदार कबीरपंथी, मुलांकडून रोज वाचन करून घेणारे. महाभारत-रामायणात ब्राह्मण-क्षत्रियांचे मोठेपण आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता असताना आपण ती का वाचायची, असे त्यांनी वडिलांना विचारले होते, हे त्यांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. वडिलांच्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. पण एक लक्षात घ्या, मुलगा विचारत होता आणि बाप उत्तर देत होता. ‘असं विचारायचं नसतं’ म्हणून सुभेदारांनी तोंड बंद केले नाही. केळुसकर गुरुजींनी दिलेले बुद्धचरित्र त्या विचारणाऱ्या मुलाच्या हाती पडले, म्हणून पुढचा इतिहास घडला.

१९३६च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी सांगितले, की जात मोडायची तर शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास मोडला पाहिजे. आणि हा नियम त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या ग्रंथांना लावला नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचा परिचय उघडून पाहा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेतली कथा. बाबासाहेब विचारतात, की २९ वर्षांच्या माणसाने तोवर यातले काहीच पाहिले नव्हते, हे कसे मानायचे? तारवातल्या वैरणीसारखाच हा प्रश्न आहे, साधा आणि न टाळता येणारा. मग त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला आणि गृहत्यागाचे बुद्धीला पटेल असे कारण मांडले. बुद्धाने कालामांना सांगितले तेच त्यांनी केले. ग्रंथात आहे म्हणून नाही, गुरूने सांगितले म्हणून नाही, पारखून पटले तर घ्या.

आपण मात्र काय करतो? भीमगीतांत आणि भाषणांत चमत्कार घुसवतो. बाबासाहेबांचे पुस्तक हार घालून कपाटात ठेवतो. कोणी तरुणाने काही विचारले की त्याला लगेच ‘समाजद्रोही’ ठरवतो. हे असेच चालले तर आपण ग्रंथ बदलला, सवय तीच ठेवली, असे होईल.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला वर्गात उभे केले आणि तिचा प्रश्न सगळ्यांना पुन्हा ऐकवायला सांगितले. मग उत्तर दिले, की नाही, तसे घडले नाही. कोणतेही बाळ जन्मताच चालत नाही. मागाहूनच्या लोकांनी प्रेमापोटी ती गोष्ट रचली. सिद्धार्थ आपल्यासारख्याच आईच्या पोटी, आपल्यासारखाच जन्मला, म्हणून त्याने शोधलेली वाट आपल्यालाही चालता येते. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग ते कमळांचं चित्र भिंतीवर कशाला आहे?’

ते चित्र ठेवायचे की काढायचे, यावर विहाराच्या समितीत आमची अजून चर्चा चालू आहे. काही ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. पण आता तो प्रश्न विचारला गेला आहे, आणि वहीत त्या मुलीचे नाव घालून आम्ही तो लिहून ठेवला आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.